पॅशन फॉलो करा, पण बिलं कोण भरणार ते आधी सांगा

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे क्लासवाल्यांचे फ्लेक्स, पासपोर्ट साईझ फोटोंच्या रांगा आणि प्रत्येकाखाली टक्के, आणि दुसरं म्हणजे करिअर मार्गदर्शन मेळावे. हॉल एसी असतो, चहा-बिस्कीट असतं, वक्ता ब्लेझर घालून कानाला माईक लावून स्टेजभर फिरत असतो आणि कधी ना कधी ते वाक्य येतंच, की तुम्हाला जे मनापासून आवडतं तेच करा, पैसा आपोआप मागून येतो. पोरं टाळ्या वाजवतात. आईबाप एकमेकांकडे बघतात आणि घरी जाताना रिक्षात बरोबर उलटं सांगतात, आधी एक पर्मनंट नोकरी धर, मग काय ते ड्रॉइंग-बिइंग कर सुट्टीच्या दिवशी.

मला हे दोन्ही सल्ले खोटे वाटतात. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण खोटे. पैसा आपोआप कुणाच्याच मागून येत नाही, त्याच्या मागे आपल्यालाच फोन करत फिरावं लागतं, ते मी खाली सांगतेच. आणि पर्मनंट नोकरी ही गोष्ट निदान ठाणे आणि नवी मुंबईच्या माणसाने तरी तोंडावर आणू नये, कारण ती कशी जाते हे आपल्याइतकं जवळून फार कमी गावांनी बघितलंय.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे आपली वागळे इस्टेट. माझे बाबा तिथल्या एका कंपनीत होते, पर्मनंट, कॅन्टीन, युनिफॉर्म, दिवाळीला बोनस, सगळं. त्या काळात मुलीच्या स्थळाला मुलगा 'वागळेत पर्मनंट आहे' एवढं सांगितलं की पुढची चौकशी कमी व्हायची. मग कधीतरी गेटवर नोटीस लागली, व्हीआरएस आली, हातात एकरकमी पैसे पडले आणि वयाच्या पंचेचाळिशीत बाबा घरी बसले. हे काही एकट्या आमच्या घरचं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, त्यातली किती कुटुंबं नंतर डोंबिवली-कळवा-दिव्याकडे सरकली ते कुठल्याही चाळीत विचारा. रेमंडची गिरणी होती तिथे आता टॉवर आहेत. ठाणे-बेलापूर रोडवर केमिकल कंपन्यांची रांग होती, तिथे आता आयटी पार्क, सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीला अर्धा डबा रिकामा होतो तो तिकडेच जातो. आणि त्या काचेच्या बिल्डिंगींमध्ये तरी काय वेगळं आहे, जुलै २०२५ मध्ये टीसीएसने साधारण २ टक्के म्हणजे सुमारे १२,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा ज्या घरांमध्ये 'आमचा टीसीएसला आहे' हे सरकारी नोकरीच्या सुरात सांगितलं जायचं तिथे एकदम शांतता होती.

म्हणजे मग पोरांनी सरळ आवडीच्या मागे धावावं? थांबा. इथे मला आपल्याच लोकांचं एक उदाहरण आठवतं, जे हे मेळाव्यातले वक्ते नेहमी अर्धंच सांगतात. अशोक सराफ, प्रशांत दामले, निळू फुले, यांची नावं घेतात आणि म्हणतात बघा यांनी आवडीचं काम केलं. केलं ना. पण अशोक सराफ त्याच्यासोबत वर्षानुवर्षं स्टेट बँकेत नोकरीला होते. प्रशांत दामले बेस्टमध्ये होते. निळूभाऊ पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये माळीकाम करत होते. नारायण सुर्वे आधी गिरणीत, मग शाळेत शिपाई आणि मग शिक्षक. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, टांझानियात काम करून आलेले, आणि १९६९ मध्ये ते पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती. यातल्या कुणाच्याही प्रेमावर शंका घ्यायची हिंमत आहे का कुणाची? आणि तरी त्यांनी नोकरी केली, कारण घर चालवायचं होतं.

पण मुद्दा नुसता 'नोकरी करत करत छंद जोपासा' असा नाही, तसा घेऊ नका. मुद्दा असा की त्या नोकऱ्या वेगळ्या होत्या. बेस्टचं कला-क्रीडा मंडळ होतं, बँकांच्या आपापसात एकांकिका स्पर्धा व्हायच्या, महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ पासून कामगारांच्या नाटकांना व्यासपीठ देत आलंय, क्रिकेट-कबड्डी खेळणाऱ्यांना स्पोर्ट्स कोट्यातून घ्यायचे आणि सराव म्हणून दुपारी सोडायचे. साहेबच नाटकवेडा असायचा, 'प्रयोग आहे ना, जा तू, मी बघतो' म्हणणारा. संध्याकाळी साडेपाचला टेबल आवरलं की माणूस तालमीला मोकळा. आजारी पडला तर औषधाचे पैसे ऑफिस देणार, म्हातारपणी पेन्शन येणार, आणि या सगळ्याच्या भरवशावर तो एखादं नाटक तीस प्रयोगांतच पडलं तरी पुढचं नाटक उभं करायला तयार. त्या पिढीचं धाडस खरं होतंच, पण त्या धाडसाच्या खाली एक अख्खी संस्था उभी होती आणि ती संस्था दर महिन्याच्या १ तारखेला पगार करत होती.

आज तुम्ही बँकेत लागा आणि बघा साडेपाचला सुटता का. टार्गेट आहे, इन्शुरन्स विकायचाय, व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊला रिजनल मॅनेजरचा मेसेज आहे. बेस्टच्या कित्येक बस आता कंत्राटी ड्रायव्हर चालवतात, आणि कंत्राटदार कुणाला तालमीला सोडत नाही. म्हणजे जी व्यवस्था मागच्या पिढीच्या आवडीला पोसत होती ती हळूहळू काढून घेतली, आणि मग रिकाम्या झालेल्या जागी 'फॉलो युवर पॅशन'चं पोस्टर लावलं. माझा राग आहे तो यावर आहे. आवडीवर नाही.

एक वेगळा माणूस सांगते, स्टेजवरचा नाही. बाबांच्याच कंपनीतले एक काका, टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंडाचे पार्ट कातणारे. आयटीआयला त्यांना इलेक्ट्रिशियन पाहिजे होतं, मार्कांनी टर्नर मिळालं, म्हणजे लेथवर प्रेम वगैरे काही आधी नव्हतं. कंपनी बंद झाली तेव्हा व्हीआरएसच्या पैशातून बहुतेकांनी मुलीचं लग्न काढलं नाहीतर गावाला घर बांधलं, यांनी एक जुना लेथ घेतला आणि वागळेतच आत गल्लीत अर्धा गाळा भाड्याने. जॉबवर्क सुरू केलं. बुश, शाफ्ट, पुली, कुणाच्या पॅकिंग मशीनचा तुटलेला पार्ट जो कंपनीकडून मागवला तर महिना लागेल. अजून चालू आहे, वय सत्तरीच्या पुढे, रविवारीही जातात, काकू म्हणतात घरात करमत नाही त्यांना. मी एकदा तिथे बसले होते तेव्हा बघितलं, जॉब फिरतोय, टूल लागलंय, चिप्स निघतायत, आणि काका मशीनकडे न बघता माझ्याशी बोलतायत, मधेच बोलणं तोडून त्यांनी स्पीड कमी केला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले आवाज बदलला ना. मला काहीही वेगळं ऐकू आलं नव्हतं. मग बुश उतरवून आतून करंगळी फिरवली, माप घ्यायचा व्हर्नियर लावायच्या आधीच म्हणाले अजून थोडा घ्यायला लागेल, आणि व्हर्नियर लावला तर खरंच.

आता याला आवड म्हणायची नाही तर कशाला म्हणायची. पण ती आवड कामातून आली, काम चांगलं जमायला लागल्यावर आली. आणि त्यांचा धंदा टिकला तो आवडीमुळे नाही, चार अगदी रुक्ष गोष्टींमुळे टिकला. त्यांच्याकडे एकच मोठी पार्टी कधी नव्हती, एका कंपनीने सगळं काम देतो म्हणून ऑफर दिली होती ती त्यांनी अर्धीच घेतली, आणि ती कंपनी पुढे गुजरातला गेली. मशीन स्वतःचं होतं, कर्जाचं नव्हतं. अडव्हान्स घेतल्याशिवाय नव्या पार्टीचं काम हातात घ्यायचे नाहीत, तोंडावर सांगायचे, 'मटेरियलचे पैसे ठेवून जा साहेब, मजुरीचं मागाहून बघू.' आणि लेथसोबत त्यांनी थोडं वेल्डिंग, थोडं मिलिंग असं आजूबाजूचं शिकून घेतलं, म्हणजे सीएनसीवाल्यांनी, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवाल्यांनी, मोठ्या लॉटचं काम नेलं तरी एकेका पीसचं, दुरुस्तीचं काम यांच्याकडेच राहिलं. करिअर गुरू लोक ज्याला रेझिलियन्स म्हणून तासाला काही हजार घेतात ते सगळं त्या अर्ध्या गाळ्यात आहे, फक्त तिथे बसायला स्टूल एकच आहे.

आता पैशाच्या मागे फोन करत फिरण्याबद्दल. मी सबटायटल्स आणि डबिंगच्या मराठी स्क्रिप्ट लिहिते, त्याआधी ऐरोलीला आयटी पार्कात डॉक्युमेंटेशनच्या टीममध्ये होते. काम मला मनापासून आवडतं, एखाद्या हिंदी शिवीला मराठीत नेमकी तेवढ्याच लांबीची, ओठांच्या हालचालीत बसणारी शिवी सापडली की दिवस कारणी लागला असं वाटतं. पण समोरच्याला कळलं की हिला हे आवडतं, की रेट खाली येतो. हा माझा एकटीचा संशय नाही. २००९ मध्ये स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्पसन या दोन अमेरिकन संशोधकांनी तिकडच्या प्राणिसंग्रहालयांतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता, पिंजरे साफ करणारे, खाणं देणारे लोक, त्यातले बरेच शिकलेले, पगार कमी. त्यांना दिसलं की ज्यांना हे काम म्हणजे आपल्या जन्माचं काम वाटायचं त्यांना त्यात अर्थही जास्त सापडायचा आणि तेच लोक कमी पगार, जास्त त्रास, व्यवस्थापनाची मनमानी हे सगळं जास्त सहन करायचे. प्रेम करणाऱ्याला स्वस्तात राबवता येतं, हे प्रोड्यूसर आणि एजन्सीवाल्यांना असलं संशोधन न वाचताही माहीत असतं. 'बजेट नाहीये मॅडम पण काम खूप इंटरेस्टिंग आहे', 'नाव जाईल तुमचं', 'पुढच्या सीझनला बघू ना'. हीच माणसं कॅमेरा भाड्याने घेताना कॅमेरावाल्याला सांगत नाहीत की तुझ्या लेन्सचं नाव होईल.

एका एजन्सीकडे माझं ६४,००० चं बिल होतं. टीडीएस १० टक्के कापून ५७,६०० यायचे होते. पहिला महिना 'बिल पास झालंय, अकाउंट्सला आहे.' मग 'अकाउंट्सच्या मॅडम रजेवर आहेत.' मग 'क्लायंटकडूनच आलं नाहीये अजून, आलं की लगेच तुमचं.' मग निळी टिक येते पण उत्तर येत नाही. मजा म्हणजे टीडीएस त्यांनी कापून भरलेला मला इन्कम टॅक्सच्या फॉर्म २६ एएसमध्ये दिसत होता, म्हणजे सरकारच्या हिशोबात माझं उत्पन्न झालेलं आणि माझ्या खात्यात शून्य. शेवटी पैसे आले, पण कसे, तर मी मेलमध्ये माझा उद्यम नंबर, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून केलेल्या नोंदणीचा नंबर, टाकून २००६ च्या एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्याचा उल्लेख केला तेव्हा. हे लोकांना खरंच माहीत नसतं म्हणून लिहिते: उद्यम रजिस्ट्रेशन ऑनलाईन आणि फुकट आहे, सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून करू शकतो, आणि एकदा ते असलं की पुढच्या कामांसाठी समोरच्याला करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करारच नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२४ पासून इन्कम टॅक्सचा नियम असा आला की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच दाखवता येतो. त्यांच्या सीएला हे बरोबर माहीत असतं. कायद्याची भाषा वापरली तर काम जाईल या भीतीने आपण गप्प बसतो, आणि हो, त्या एजन्सीने मला पुन्हा बोलावलं नाही. एकच पार्टी असती तर मीही तो मेल केला नसता.

लॉकडाऊनने हे सगळं उघडं केलं. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडायला परवानगी, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा सुरू. नाटकात पैसे नाईटवर मिळतात, प्रयोग नाही तर नाईट नाही. कळव्यातला माझ्या ओळखीचा एक मुलगा गडकरीला, घाणेकरला, वाशीच्या भावे नाट्यगृहाला येणाऱ्या नाटकांचा साऊंड ऑपरेट करायचा. तो घरी बसल्या बसल्या ऑडिओबुकं एडिट करायला शिकला, क्लासवाल्यांच्या ऑनलाईन लेक्चर्सचा आवाज साफ करून द्यायला लागला, आज नाटकं पूर्ववत झाली तरी ते काम त्याने सोडलेलं नाही. छान. पण त्याच नाटकांचा सेट लावणारे, रात्री बारानंतर टेम्पोत सेटच्या भिंती चढवणारे जे लोक, त्यांचं कसब वायरीतून कुठे जाणार? त्यांच्यातल्या कुणी भाजी विकली, कुणी डिलिव्हरी केली, कुणी गावी गेलं ते परत आलंच नाही. दोघांचं नाटकावरचं प्रेम सारखंच, काकणभर जास्तच असेल सेटवाल्यांचं. म्हणून मला 'अडॅप्ट व्हा, स्किल वाढवा' हे सरसकट वाक्य ऐकलं की राग येतो, काही कामांना वळायला दुसरी गल्लीच नसते.

आणि गल्ली कुणाला असते तेही बघा. ज्याच्या आजोबांनी नौपाड्यात फ्लॅट घेऊन ठेवलाय, ज्याला जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यातल्या प्लॉटचं भाडं येतं, ज्याची बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं तर तो दोन वर्षं काही न विकता राहू शकतो आणि नंतर इंटरव्ह्यूत सांगू शकतो की मी रिस्क घेतली. दिव्याला भाड्याने राहणाऱ्या मुलाने तेच ठरवलं तर तिसऱ्या महिन्यात घरमालक दारात. मी पहिल्याला नावं ठेवत नाहीये, त्याने जरूर चित्रं काढावीत, चांगली काढतही असेल, फक्त दोघांना एकाच हॉलमध्ये बसवून एकच भाषण देऊ नये. घोडबंदरला दोन बीएचकेचा ईएमआय डोक्यावर असलेल्या माणसाला 'मनाचं ऐक' सांगणं हा तर शुद्ध चावटपणा आहे, त्याचं मन बँकेकडे गहाण आहे वीस वर्षांसाठी.

बायकांचं अजून एक वेगळंच. पुरुषाने नोकरी सोडून घरून काम सुरू केलं की त्याची खोली 'ऑफिस' होते, बाईने केलं की ती 'घरीच असते'. गॅसवाला येणारे, घरीच आहेस ना. सोसायटीची टाकी साफ करणारेत, जरा लक्ष ठेव ना. माझ्या सासूबाई प्रेमळ आहेत, तरी डेडलाईनच्या दिवशी हेडफोन लावून बसले की म्हणतात, 'सिनेमा बघतेस तर भाजी तरी निवड.' आणि तांत्रिकदृष्ट्या त्या चुकीचं बोलत नसतात, मी सिनेमाच बघत असते. हसायला ठीक आहे, पण यातून रोजचे दोन-अडीच तास जातात, आणि आवडीच्या कामाचा हिशोब मांडताना हे तास कुणीच धरत नाही.

एआयबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतायत. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, त्यानंतर माझ्या धंद्यात 'मशीनने केलेलं आहे, फक्त एकदा बघून द्या' हा नवा प्रकार सुरू झाला, रेट निम्मा आणि बघायला गेलं तर अर्धं पुन्हा लिहायला लागतं. अशी कामं मी कमी केली, स्टुडिओत बसून कलाकारांना उच्चार आणि लहेजा सांगायचं काम वाढवलं, तिथे अजून माणूस लागतो. किती दिवस लागेल माहीत नाही. टर्नर काकांनी सीएनसी आल्यावर केलं तेच मी करतेय, मोठा लॉट सोडून एकेका पीसकडे.

तर मग मी पोरांना काय सांगेन? आवडीचं काम करू नका असं मुळीच नाही. मी स्वतः परत आयटी पार्कात जाणार नाही, जमतंय तोवर. पण नोकरी सोडायच्या आधीची यादी भाषणात नसते ती मी सांगेन. नोकरी गेली की कंपनीचा मेडिक्लेम त्याच दिवशी जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढा, कारण आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड असतो आणि तो २०२४ च्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत असू शकतो, तो पगार चालू असताना संपू दे. आता वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही, २२ सप्टेंबर २०२५ पासून काढलाय. पीएफ मोडून कॅमेरा घेऊ नका. पीएफच्या पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते, नऊ झाली असतील तर एक वर्ष दात ओठ खात काढा. होमलोन घ्यायचं असेल तर पगाराची स्लिप असतानाच घ्या, नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते, नाहीतर मुळीच घेऊ नका, जे मला जास्त पटतं. कुठल्याही एका पार्टीकडून निम्म्यापेक्षा जास्त उत्पन्न यायला लागलं तर खूश होऊ नका, घाबरा.

एवढं करूनही ज्याच्यामागे कुणी नाही तो पडणारच, आणि म्हणून हा प्रश्न फक्त ज्याचा त्याचा नाही. आपण मागच्या पिढीच्या बेस्ट आणि बँकेचं काम आज कोण करणार हे विचारायला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवे कामगार कायदे लागू झाले, त्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना पहिल्यांदा सामाजिक सुरक्षेत धरलंय, ॲग्रिगेटर कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे. चांगलं आहे, डिलिव्हरीच्या मुलांना मिळायलाच पाहिजे. पण तो पैसा ॲपवाल्यांकडून येणार, नाटकाचा सेट लावणाऱ्याला, माझ्यासारखीला, लग्नाचे फोटो काढणाऱ्याला कुठलं ॲप आहे? त्यांचे मालक दर आठवड्याला बदलतात. त्यांच्यासाठी राज्याने कामगार कल्याण मंडळासारखंच काहीतरी नव्याने उभं करायला हवं, नोंदणी करा, थोडे तुम्ही भरा, थोडे काम देणारा प्रत्येक बिलामागे भरेल. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये हेच केलं होतं, मालक रोज वेगळा, काम तासाचं, तरी मंडळामार्फत मजुरी आणि पीएफ. वाशीच्या मार्केटमध्ये जाऊन बघा, ते मंडळ आहे. त्यात घोळ आहेत, बोगसगिरीच्या तक्रारी आहेत, सगळं मान्य, पण पाठीवर गोणी वाहणाऱ्याला जे साठच्या दशकाच्या शेवटी देता आलं ते लॅपटॉप वाहणाऱ्याला आज देता येत नाही असं म्हणणारा माणूस प्रयत्न न करताच बोलतोय.

दुसरं म्हणजे जागा. ठाण्यात तालमीला हॉल शोधा एकदा. ज्याचं भाडं परवडतं तिथे लग्न असतं आणि जिथे लग्न नसतं तिथे योगा असतो. १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय चालवणारं हे शहर आहे, तेव्हाच्या लोकांनी पुस्तकं विकत न घेता वाचता यावीत म्हणून सगळ्यांनी मिळून जागा केली. आज महापालिकेच्या कितीतरी शाळांचे वर्ग संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात. ते तालमीला, शिलाईला, मुलांच्या बँडला, घरात जागा नसलेल्या फ्रीलान्सरला तासावर द्यायला नवीन बांधकाम लागत नाही, वॉचमनचा ओव्हरटाईम लागतो. नवी मुंबईत तर सिडकोने सेक्टरच्या सेक्टर प्लॅन करून वसवले, समाज मंदिरं बांधली, त्यातली किती आठवडाभर वापरात असतात हे त्या त्या वॉर्डातल्या लोकांनी बघावं आणि आपल्या नगरसेवकाला विचारावं. आमच्या वॉर्डात आम्ही काही जणींनी अर्ज दिलाय, शाळेचे दोन वर्ग, सोमवार ते शुक्रवार, सहा ते नऊ. शेरा आलाय की विजेचं बिल कोणत्या हेडमध्ये टाकायचं ते स्पष्ट करावं.